पाच हजारांच्या साडीचा आहेर

घाटनांदूरला माझ्या लेकीच्या सासरी मी पाच हजारांची साडी आहेर म्हणून नेली. ती पाच हजारांची नव्हती.

आधी माझ्याविषयी सांगते. मी धारूरची, चौथी शिकलेली. भाव करण्यात आमच्या बाजारात माझा हात धरणारं कुणी नाही. मी लांबून दिसले की कापडवाला आधीच भाव चढवून ठेवतो, म्हणजे मला पाडायला जागा राहते. (हे मला सुनेने सांगितलं. मी मनावर घेतलं नाही.)

लेकीच्या सासूने, सुशीलाबाईंनी, नवं घर बांधलं. वास्तुशांतीला आहेर न्यायचा होता आणि मागच्या आहेराचा डाग अजून पुसला नव्हता. डाग म्हणजे खरोखरचा डाग. दिवाळीला मी दिलेली साडी पहिल्याच धुण्यात विटली, तेव्हा विहीणबाई चार बायकांत म्हणाल्या, "धारूरची साडी लई दिलदार हाय. परकरालाबी रंग दिला, मालकाच्या धोतरालाबी दिला." बायका हसल्या. माझी मंदा मान खाली घालून भाकरी थापत राहिली. ती मान वर करायची, हे मी तेव्हाच ठरवलं.

सून रेखाने मोबाईलवर साडी दाखवली. जांभळी, काठाला मोर. वर चार हजार नऊशे नव्व्याण्णव, त्यावर आडवी रेघ, खाली पाचशे एकोणपन्नास.

"ही रेघ कशाची?"

"तो खरा भाव हाय, आत्या. आपल्याला एकोणनव्वद टक्के सूट."

"कावून? त्यो दुकानदार आपला कोण लागतो?"

"कुणी न्हाई. आजच्या दिवस हाय म्हणं. खाली घड्याळ पळतंय बघा."

घड्याळ खरंच उलटं पळत होतं. मी सवयीने म्हटलं, "पाचशेला मागून बघ." रेखा म्हणाली, मोबाईलशी घासाघीस होत न्हाई. आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याने सांगितला तो भाव दिला.

साडी आली. लेबलवर तोच मोठा आकडा छापलेला. रेखा ते काढायला कात्री घेऊन आली. मी तिचा हात धरला.

"राहू दे. ते लेबल म्हणजेच आहेर हाय."

मांडवात विहीणबाईंचे दीर, नाना, माईकवर आहेर पुकारत होते. मी साडी लेबल वर करून त्यांच्यासमोर धरली. नानांनी वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. "धारूरच्या पाहुण्यांकडून साडी. चार हजार नऊशे नव्व्याण्णव रुपये." विहीणबाईंनी पदर सावरला. मंदा वरणाची बादली घेऊन उभी होती, तिची मान अशी ताठ झाली की मला ती वीतभर उंच वाटली.

हे सुख पाच मिनिटं टिकलं. मग विहीणबाईंची उमापूरची नणंद आली. साडी जांभळी, काठाला मोर, लेबल साडेतीन हजारांचं.

"ही नक्कल हाय," मी शेजारणीला म्हणाले. "आमचा मोर ताठ हाय, ह्यांचा लंगडतोय."

तेवढ्यात विहीणबाईंची भावजय आली. जांभळी, मोर, लेबल आठ हजारांचं.

"सारखाच मोर हाय की," मी म्हणाले. "पिसं मोजून घ्या."

विहीणबाईंनी तिन्ही साड्या नानांपुढच्या पाटावर शेजारी शेजारी मांडल्या. उलट्या करून पाहिल्या, धागा ओढून पाहिला. "तिन्ही मोर एकाच अंड्यातले हायेत. आता खरं सांगा, किती दिले?"

इथे गप्प बसायचं असतं. मला ते कळत होतं. मंदाही लांबून डोळे मोठे करून तेच सांगत होती.

भावजय पुटपुटली, "साडेआठशे पडले."

"मी सहाशे नव्वद दिले बाई," उमापूरची नणंद म्हणाली, आणि वर म्हणते कशी, "माझ्यापेक्षा स्वस्त कुणालाच मिळायची न्हाई."

हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. "पाचशे एकोणपन्नास," मी म्हणाले. "घरपोच."

मांडवाबाहेर पुरुषांची पंगत खो खो हसली. मला वाटलं, तिकडे कुणी काही चावटपणा केला असेल. इकडे विहीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग आधी त्यांचे खांदे हलायला लागले, मग पोट. डोळ्यांना पदर लावून त्या म्हणाल्या, "मंदे, तुझी आई आहेर द्यायच्या कामाची न्हाई. पण घराला पडदे घ्यायचेत, ते हिलाच आणायला सांग." मंदा बादली खाली ठेवून हसली. तिची मान वरच होती. मला तेवढंच पाहिजे होतं.

परतताना जीपमध्ये रेखा हळूच म्हणाली, "आत्या, तुमी बोलला तवा नानांचा माईक चालू होता. भोंगा पार वेशीपर्यंत हाय."

"म्हाईत हाय," मी म्हणाले.

माहीत नव्हतं. माहीत असतं, तर आधी नाव आणि गाव सांगितलं असतं.