कोमलची जोडी

भूत, करणी, अंगात येणं... असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच लिहून ठेवतो. उलट मी पक्का संशयी माणूस. बायको म्हणते, साक्षात देव दारात आला तरी तुम्ही आधी आधार कार्ड मागाल.

गेवराई तालुक्यात, उमापूरपासून थोडं आत, एका शाळेवर मी इतिहास शिकवतो. दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला जातं. त्या दिवशी आठवीत तेवीस मुलं होती. हजेरी मीच घेतली, आकडा पक्का आहे. विषय होता पहिलं महायुद्ध. सनावळ्या घोकण्यापेक्षा खंदकात सैनिक राहायचे कसे, हे पोरांना कळावं म्हणून मधल्या सुट्टीनंतर मी वर्ग शाळेमागे नेला. तिथं पाइपलाइनसाठी खोदलेला कमरेइतका चर होता. चार बादल्या पाणी ओतून चिखल केला आणि मुलांना अनवाणी उतरवलं. सांगितलं, असं दिवसेंदिवस ओल्यात उभं राहून सैनिकांचे पाय सडायचे, कापावे लागायचे. म्हणून रोज जोडीदारानं जोडीदाराचे पाय तपासायचे.

"लावा जोड्या!"

जोडी म्हणजे काय, हे आमच्या पोरांना सांगावं लागत नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला कोण विचारतो? पटापट जोड्या लागल्या आणि कोमल उरली. तिचे आईबाप माजलगावकडे तोडीला, ही आजीजवळ. म्हटलं, "ये, तू माझी जोडी."

"मला हाय जोडी, सर."

चराच्या टोकाला ती एकटीच उभी होती, शेजारी माणूसभर जागा सोडून. मला वाटलं, रुसली. थोड्या वेळानं वर येऊन म्हणाली, "सर, डावा बूट काढा."

"कावून गं?" मी तिच्याच बोलीत कारण विचारलं. पोरं फिदीफिदी हसली.

"करंगळी काळी पडली म्हणत्यात."

"कोण म्हणतंय?"

"माझ्या जोडीचे."

माझं डोकंच फिरलं. मला सहा वर्षांपासून शुगर आहे, पायाला फारसं काही जाणवत नाही — आणि हे शाळेत फक्त शेजारच्या वर्गावरच्या गुरुजींना माहीत. त्यांनीच पोरीला पढवली असणार, माझी टर उडवायला! सगळ्यांसमोर मी तिला खोटारडी म्हणालो. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "आजच बघा, सर. उद्यावर नका टाकू."

घरी येऊन दार लावून मोजा काढला. करंगळी काळीठिक्कर. खाली बाभळीचा काटा मोडून बसलेला. मलाच ठाऊक नव्हतं, तर गुरुजी काय पढवणार? बीडच्या डॉक्टरांनी करंगळी काढली. म्हणाले, अजून दोन-तीन दिवस गेले असते तर पायावर बेतलं असतं.

महिन्यानं शाळेत आलो आणि अख्ख्या वर्गासमोर कोमलची माफी मागितली. लाज वाटली, पण मागितली. तरी डोक्यातला किडा जाईना. मी लंगडत असेन का, तिनं ते हेरलं असेल का... पण मग करंगळीच कशी? शेवटी तिला बाजूला घेऊन वकिलासारखा पेच टाकला. "जोडीदारानं जोडीदाराचे पाय तपासायचे, असा नियम होता ना? मग तू खाली वाकून कुणाचेच पाय बघितले नाहीस. ते कसं?" वाटलं, आता सापडली.

ती माझ्याकडे बघतच राहिली, एवढंही कळू नये सरांना, अशी.

"त्यायला पायच न्हाईत, सर."

कुणीतरी मला बनवतंय, असं अजूनही वाटतं. कोण, ते मात्र सापडलेलं नाही. चर केव्हाच बुजला. पाय-तपासणी दर शनिवारी होते. मुलं सम भरली तरी मी कोमलला जोडीदार देत नाही. डावा बूट काढून तिच्यासमोर बसतो, आणि तिच्या शेजारची जागा मोकळी ठेवायला लावतो.