सुट्टी शुक्रवारची, उपासना रविवारची

आमच्या मंडळीत प्रभुभोजनाची भाकर आई करते. महिन्याच्या पहिल्या रविवारी पहाटे उठून ती बिनखमिराची, बिनमिठाची पोळी तव्यावर भाजते, पांढऱ्या रुमालात गुंडाळते आणि बोईसरच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये नेऊन ठेवते. माझा भाऊ गेल्यापासून मात्र ती स्वतः त्यातला तुकडा खात नव्हती. पाळक ताट घेऊन आले की मान खाली घालून नुसता हात हलवायची.

याला कारण ते पाळकच. उगाच आडवळणाने कशाला लिहू?

माझा धाकटा भाऊ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत होता. कंपनीची सुट्टी शुक्रवारी. शुक्रवारी चर्चला कुलूप असतं, एवढं देवाला ठाऊक असावं. एका रविवारी आईने डबा भरून दिला, तो ड्युटीवर गेला आणि दुपारी प्लांटमध्ये स्फोट झाला. कंपनीने चौकशी केली आणि चूक कामगाराची, असं सांगून मोकळी झाली. त्यांच्याकडून दुसरी अपेक्षाच नव्हती. पण सांत्वनाला आलेले पाळक आमच्याच खुर्चीत बसून, आमच्याच चहाचा कप हातात धरून म्हणाले, "प्रभूच्या दिवशी तो प्रभूच्या घरी असता तर..." पुढचं बोलायची त्यांना गरज वाटली नाही. ते वाक्य आईने मनात पुरं केलं. डबा तिने भरला होता, म्हणजे पाप तिचं.

लहानपणी याच माणसाने आम्हाला शिकवलं होतं की पाप म्हणजे देवाकडे पाठ फिरवणं, आणि देव म्हणजे बाप. मग पाठ कोणी फिरवली? दाराशी डोळे मिटून प्रार्थना करून कामाला जाणाऱ्या पोराने, की ज्यांना प्लांटमधला गंजलेला व्हॉल्व्ह फुटेपर्यंत बदलायला सवड नव्हती त्या कंपनीवाल्यांनी? आणि गेटवरच्या टाइमकीपरसारखा हजेरी मांडून बसलेला, रविवार चुकले म्हणून जीव घेणारा हा कुठला बाप? असा बाप शेजारच्या खोलीत राहत असता तर चाळीने त्याच्याशी बोलणं टाकलं असतं.

गेल्या महिन्याच्या प्रभुभोजनाला पुन्हा तेच. ताट आलं, आईने हात हलवला. सफाळ्याहून येणारी एक म्हातारी तिच्या शेजारी बसते. ती हळूच म्हणाली, "घे ना बाय. सगल्यांसाठी हाय, तुला एकटीलाच नाय असा कसा?" आईने मान हलवली. पाळक ताट घेऊन पुढे सरकले, आणि माझं डोकं सटकलं.

मी उभी राहिले. "पाळकसाहेब, देवाचाही मुलगा मारला गेला. त्याच्या घरात कोणतं पाप होतं, तेवढं सांगा."

पेटी वाजवणाऱ्याचे हात थांबले. पाळक ताटाकडे बघत राहिले. आईने माझ्या ओढणीचा पदर खेचला. "बस खाली."

घरी आल्यावर तिने भाकरीचा रुमाल घडी करून ठेवला. मला वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार. कपभर पाणी पिऊन ती म्हणाली, "त्यानं बी पाठवलंच व्हतं गं आपल्या पोराला. मी पाठवलं तसं." आणि कप विसळता विसळता, "त्याला तरी झोप लागत आसंल का?"

इतकी वर्षं चर्चमध्ये बसून देवाची एवढी कीव कोणी केलेली मी ऐकली नव्हती.

या महिन्यात ताट आलं तेव्हा आईने तुकडा उचलला आणि सावकाश चावून खाल्ला. म्हातारीने तिच्या पाठीवर हात ठेवला. पाळक पुढच्या बाकाकडे वळले. आईची माफी त्यांनी आजवर मागितलेली नाही, आणि मी त्यांना माफ केलेलं नाही. हेही पापच, म्हणतील. म्हणू देत.