डेरीवरची मालिका आन आमचे दाजी

आमच्या गावात सकाळी साडेसहाला डेरीवर दुधाची रांग लागती. दूध मोजायला एक मिनिट, फॅट काढायला एक मिनिट, आन ऱ्हायलेला समदा येळ टीव्हीवरल्या मालिकेच्या गप्पांत. मालिका अशी, की तालुक्याच्या एका गावात एक फौजदारीनबाई बदली हून येती आन तवापासून तितं दर आठवड्याला एक मुडदा पडतो. संगमनेरपतुरच्या पट्ट्यात ही मालिका बघत न्हाई असं घर दाखवा, मी मिशी काढतो. मिशी मला तशी बी शोभत न्हाई.

रांगंत जो तो आपलं मत द्यायचा.

"येवढे खून झाले आस्ते तर त्या गावात मतदानाला कोन ऱ्हायलं आस्तं?" डेरीचा सेक्रेटरी म्हनायचा.

"त्यो ऊस बघितला का? आपल्याकडचा ऊस न्हाई त्यो. आन ऊसात पडून बी मुडद्याला एक वरखडा न्हाई," म्हातारा वारकरी टोपी मागं सारून बोलायचा.

बायकांच्या रांगंतनं आवाज यायचा, "फौजदारीन दिसभर जीपमधी, आन साडीला चुनी न्हाई! आमी येक खेप चारा आनला की पोतेरं दिसतो."

मग समदे माझ्याकडं बघायचे. कारन मी मालिकेतला चोर आधी वळखायचो. मी शाळंत चौथीपतुर गेलो, त्यातली बी दोन वरसं तिसरीत काढली. कुटंच पास न झाल्याला मानूस ह्या एका गोष्टीत पास झालो. लागोपाठ चार खुनी मी बराब्बर सांगितले, तवापासून सेक्रेटरी मला 'सायब' म्हनाय लागला. माझी म्हस चार लिटर देती, त्यात बी पानी हाय का म्हनून त्योच सेक्रेटरी दोनदा बघतो, पन हाक मारताना 'सायब'. मला लई गोड वाटायचं. लाज वाटायला पायजे हुती.

माझी युक्ती साधी हुती. पयल्या भागात जो मानूस समद्यांच्या उपेगी पडतो, रडनाऱ्याला पानी देतो, तिरडी बांधू लागतो, त्योच खुनी. मालिका लिवनाराला दुसरं काय सुचतच न्हाई. मी ही युक्ती कुनाला सांगितली न्हाई. सांगितली आस्ती तर कुनी मला सायब म्हनलं नस्तं.

आता आमचे दाजी. माझ्या थोरल्या बहिनीचा नवरा. पूर्वंकडच्या कोरड्या भागातलं मानूस, लग्नानंतर आमच्याच गावात आलं आन स्टँडवर इहिरीवरच्या जळाल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान टाकलं. गावातली येक इहीर अशी न्हाई जिच्यात दाजी उतरले न्हाईत. सनाच्या दिशी बी कुनी बोलावलं तर ताटावरनं उठून जायचे. आन मेव्हन्यानं दाजीची चेष्टा करायची ही आपल्याकडची रीतच हाय. लग्नात मी त्यांचे बूट म्हशीच्या गव्हानीत लपवले. धुळवडीला त्यांच्या अंगावर शेन टाकलं. डेरीवर मी म्हनायचो, "आमचे दाजी मोटर भरत्यात आन आक्का त्यान्ला दम भरती," की रांग हसायची. दाजी बी हसायचे. त्यान्ला मोठ्यानं हसता येत न्हाई, नुसते खांदे हलायचे.

गेल्या उन्हाळ्यात नदीकडच्या पाच इहिरींवरची मोटारीची केबल एका रात्रीत कुनीतरी कापून नेली. आतल्या तांब्याच्या तारंसाठी. सकाळी डेरीवर मालिकेचं कुनी नाव काढंना. ज्यांची केबल गेल्ती ते काळे ठिक्कर पडल्ते. पान्यावाचून जनावरांचा घास वाळत हुता. तेवढ्यात सेक्रेटरी म्हनला, "सायब, तुमचं काय मत? कोन आसंल?"

समदी रांग माझ्याकडं वळली. अशी रांग माझ्याकडं वळली की मला तोंडावर ताबा ऱ्हात न्हाई, हा माझा जुना रोग हाय.

मी म्हनलं, "सोपं हाय. कुनाची केबल कुटनं कुटं गेली हे पाठ कुनाला? चोरी झाल्यावर पयला धावत कोन आलं? आन तांब्यात दिसभर बसतंय कोन? आमचे दाजी! धरा त्यान्ला, आक्काची बी सुटका हुईल!"

लई हसले. ज्याची केबल गेल्ती त्यो बी हसला. मी किटली हालवत घरी आलो. मला वाटलं, दुखात चार मानसं हसवली, पुन्य केलं.

पुढच्या आठवड्यात दाजींच्या दुकानात एक बी मोटर आली न्हाई. लोकं मोटारी टेम्पोत घालून संगमनेरला न्ह्यायला लागली. मग एकानं दुकानात यून कोपऱ्यातली पोती उचकली. पोत्यात तांब्याची जळाली तार निघाली. मोटर भरनाऱ्याच्या दुकानात जळाली तार निघनार न्हाई तर काय केळी निघनार? पन ती तार त्यानं फोटू काढून गावभर फिरवली. तिसऱ्या दिशी हवालदार आला आन दाजीला गाडीवर मागं बसवून घिऊन गेला. स्टँडवरनं, समद्यांच्या म्होरनं. मार न्हाई दिला. सांजच्याला सोडलं. पन बसवून न्हेलं ते न्हेलं.

आक्का माझ्या दारात आली. आत आली न्हाई.

"डेरीवर तू काय बोललास?"

"आगं आक्का, गंमत केली. मेव्हना हाय मी, गंमत करायची न्हाई का?"

"त्या हवालदाराला गावानं काय सांगितलं म्हाईत हाय का? 'सख्खा मेव्हनाच म्हनतोय. घरातलं मानूस उगं बोलंल का?' असं सांगितलंय." तिच्या डोळ्यात पानी न्हवतं. तिनं मला ल्हानपनी कडंवर घेतल्यालं, मी तिला बराब्बर वळखतो. रडली आस्ती तर बरं झालं आस्तं. "आता जा. तितंच, त्याच रांगंत हुभा ऱ्हा, आन सांग."

दुसऱ्या दिशी मी गेलो. किटली खाली ठिवली आन म्हनलं, "आयका. मी दाजीचं बोललो ती निव्वळ चेष्टा हुती. दाजीनं काय केलं न्हाई. आईची शपत."

मग सेक्रेटरी म्हनला, "सायबांनी दुसऱ्या भागात जबानी फिरवली!"

रांग फुटली. बायकांतनं कुनीतरी बोललं, "बहिनीनं कान पिळला आसंल." मी डोळ्यात पानी आनून बोलाय लागलो, तर ते जास्तच हसाय लागले. चाळीस वरसं ह्या गावाला मीच शिकिवलंय, की ह्यानं तोंड उघडलं की हसायचं. त्यांची चूक काढू कशी?

म्हैन्याभरानं खरे चोर घावले. लांबचे दोघं हुते, भंगाराचा टेम्पो घिऊन फिरायचे. पोलिसांनी केबल बी दाखवली. मला वाटलं, सुटलो. डेरीवर पळत गेलो. तितं मतं चालूच हुती.

"असा शेवट आस्तो व्हय? ज्यान्ला कुनी बघितलंच न्हाई तेच एकदम चोर?"

"मला काय पटलं न्हाई. लांबच्या मानसाला आपल्या इहिरी कशा घावल्या? टीप कुनीतरी दिलीच आसंल."

'कुनीतरी' म्हनताना म्हाताऱ्या वारकऱ्यानं स्टँडकडं बघितलं. दाजीच्या दुकानाकडं. समद्यांनी माना डोलवल्या. शेवट तसा त्यान्ला पटला.

दिवाळीच्या आधी दाजीनं दुकान बंद केलं. आक्का आन ते नेवाशाला गेले. तितं एका दुसऱ्याच्या दुकानात दाजी मोटारी भरत्यात. भाऊबीजंला आक्कानं बोलावनं धाडलं न्हाई. मी तरी गेलो, पन घरी जायाचं धाडस न्हाई झालं. सरळ दुकानात गेलो.

दाजी खाली बसून तार भरत हुते. मी बाजूला टेकलो आन म्हनलं, "दाजी, चला ना परत. मी पाया पडतो समद्यांच्या."

ते हळू बोलले. "आरं, इहिरीत उतरायचं म्हंजी वर दोर धरायला मानूस लागतो. तुझ्या गावात मी कुनाच्या हातात दोर दिऊ?"

खाली पडल्याले तारंचे तुकडे मी येचाय लागलो.

"हितं मला कुनी वळखत न्हाई, त्ये बरं हाय," ते म्हनले. "तुझ्यावर राग न्हाई माझा. पन तू हितं यत जाऊ नगं. तू आलास की लोकं इचारनार कोन हाय, मग कुठल्या गावचा, मग गाव सोडलं कशापायी."

तेवढ्यात दुकानाचा मालक भाईर आला. माझ्याकडं बघून दाजीला म्हनला, "कोन हाय हे? पाव्हनं का?"

दाजीनं तारंवरनं नजर काढली न्हाई. "न्हाई. गिऱ्हाईक हाय. मोटर जळाली म्हनत्यात."

मालकानं मला इचारलं, "किती एचपी?"

"तीन," मी म्हनलं.

"कशानं जळाली?"

"माझ्याच चुकीनं. पानी नस्ताना चालू ठिवली."

"घिऊन या. दोन दिसात भरून दिऊ."

"आनतो," मी म्हनलं, आन येष्टीच्या थांब्याकडं चालाय लागलो.