एका वेळी एकच जिन्नस

मला हल्ली काही आठवत नाही, ही बातमी गावात सगळ्यांत शेवटी माझ्यापर्यंत आली. तोवर माझ्या लेकीनं खारघरच्या तिच्या घरात माझ्यासाठी खोली रिकामी करून ठेवली होती. किहीमच्या अलीकडचं हे माझं घर, ज्यात मी एकटी पण राणीसारखी राहते, त्याला कुलूप लागायचं तेवढं बाकी होतं.

त्याचं झालं असं. शाळेतून निवृत्त झाले आणि वर्षभरात साखर वाढली. अलिबागच्या डॉक्टरांनी कागद बघून सांगितलं, "बाई, तीन महिने देतो. रोज तासभर चाला. नाही उतरली तर गोळी सुरू." मी मान डोलावली आणि रिक्षात बसून घरी आले. खोटं कशाला बोलू, व्यायामाचं आणि माझं कधी जमलंच नाही. नोकरीत होते तेव्हासुद्धा कवायतीच्या तासाला शिट्टी दुसऱ्या बाईंच्या हातात द्यायची आणि हजेरीपत्रक काढून सावलीत बसायची. लेकीनं योगाची चटई आणून दिली. दोन दिवस अंथरली, तिसऱ्या दिवशी तिच्यावर सुकट वाळत घातली. मग ती चटई घरात घ्यायची सोय राहिली नाही.

चालून बघावं म्हटलं, तर आमच्या गावात नुसतं चालणं सोपं नाही. वाटेत भेटेल तो एकच विचारतो, "कुठं?" त्याला उत्तर द्यावं लागतं. दळणाला, बाजाराला, मयताला, काहीही चालेल. पण "चालायला चालले" हे काही उत्तर होत नाही. शनिवार-रविवारी मांडव्याच्या धक्क्याला बोटीतून उतरून बंगल्यांवर येणारी मुंबईची मंडळी पांढरे बूट घालून रिकाम्या हातांनी फिरतात, त्यांना कुणी विचारत नाही. ते पाहुणे. मी मात्र पहिल्याच सकाळी बुद्धविहारापर्यंत जाऊन उगाच परत फिरले, तर तीन घरांतून विचारणा झाली. चौथ्या घरातल्या म्हातारीनं मला ओट्यावर बसवून हळूच विचारलं, "बाई, घरात भांडान झालाय का? सांगा, लाजू नका." भांडायला घरात आहे कोण? नवरा जाऊन सहा वर्षं झाली.

दुसऱ्या दिवशी खरोखरच मीठ संपलं. दुकान घरापासून दहा मिनिटांवर. जाऊन आले. हातात पिशवी होती, त्यामुळे कुणी हटकलं नाही. मला युक्ती सापडली. तेव्हापासून मी एका वेळी एकच जिन्नस आणायला लागले. सकाळी जिरं, दहाच्या सुमाराला काडेपेटी, ऊन उतरलं की कांदे, दिवेलागणीच्या आधी चहापत्ती. तांदळाचं दळणही दोन-दोन किलोच न्यायचे. विहाराची झाडलोट आमच्यात आळीपाळीनं असते, ती मी रोजचीच मागून घेतली. परसातल्या झाडांना पंपाऐवजी विहिरीचं पाणी ओढून घालू लागले. घाम निघायचा, पण त्याला व्यायाम म्हणायचं नव्हतं, म्हणून मला तो आवडायचा. लेकीला यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती रोज फोनवर पावलं मोजून घेत बसली असती. मास्तरणीवर मास्तरकी करायची तिला भारी हौस.

दुकानातली वहिनी मनानं चांगली, पण नजर घारीची. एकदा तिनं विचारलंच, "बाई, मगाशीच आल्ता ना तुम्ही? तवा न्हाय आठवलं व्हय?" मी हसून म्हटलं, "विसरले बघ." इथंच माझं चुकलं. ते उत्तर इतकं सोयीचं होतं, सगळ्यांना इतकं पटायचं, की मी ते दिवसातून चार-पाच वेळा देऊ लागले. दुकानात, गिरणीवर, वाटेत. विसरले बघ. वयाच्या मानानं लोकांना त्यात नवल वाटत नव्हतं, आणि ते खरं धरून चालले आहेत, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

वहिनीकडे लेकीचा फोन नंबर होता, वडील गेले तेव्हा लेकीनंच दिलेला. वहिनीनं तिला कळवलं. त्यानंतर लेकीचे फोन वाढले. "आई, आज वार कोणता गं? सकाळी काय खाल्लंस?" मला वाटलं, पोरगी मायाळू झाली.

तीन आठवड्यांनी ती गाडी घेऊन आली. म्हणाली, "चार दिवस चल माझ्याकडे. जाताना डॉक्टरांना दाखवू." आणि माझी पातळं पिशवीत भरू लागली. मी बघत होते. मग ती स्टुलावर चढली आणि तिनं भिंतीवरचा वडिलांचा फोटो उतरवला. चार दिवसांसाठी कुणी फोटो उतरवत नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "आई, तू विसरायला लागलीयेस. सगळं गाव सांगतंय." मी नाही म्हटलं, तशी ती आणखीच मायेनं बोलायला लागली. विसरणारं माणूस नाहीच म्हणणार, हे ती धरूनच आली होती.

अलिबागच्या त्याच डॉक्टरांना तिनं आधीच फोन केला होता. त्यांनी तारीख विचारली, वार विचारला, मग म्हणाले, "शंभरातून सात-सात वजा करत या." मी पस्तीस वर्षं पोरांकडून उलटे पाढे म्हणून घेतलेत. दोनपर्यंत उतरले आणि विचारलं, "पुढं उणे म्हणू का?" त्यांनी हसू दाबून गेल्या आठवड्यात तपासलेल्या साखरेचा नवा कागद उघडला. "ही तर चांगली उतरलीय. काय केलंत?"

"काही नाही. दुकानात जाते."

"दिवसातून किती वेळा?"

"पाच. कधी सहा."

लेक मध्येच बोलली, "अगं पण सगळं एकदम का नाही आणत?"

"एकदम आणलं तर चालणं कधी होणार?"

मग सगळंच सांगावं लागलं, विहीर, दळण, विहार आणि ते मेलं "विसरले बघ". डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि खो खो हसले. गोळी नको, घरीच राहा, म्हणाले. मला हायसं वाटलं. लेक मात्र हसली नाही. उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

मी मागोमाग गेले. वाटलं, आता झाडणार मला. ती पदराआड तोंड करून रडत होती. मला बघून म्हणाली, "आजीनं शेवटी मला ओळखलं नव्हतं. दहा वर्षांची होते मी. मांडीवर बसलेली, आणि ती विचारत होती, ही कुणाची पोर? आई, तीन आठवडे मी रोज तयारी करत होते, तू तसं विचारलंस तर काय उत्तर द्यायचं याची."

एक गोळी आणि चार प्रश्न चुकवायला मी लेकीला एवढं भ्यायला लावलं होतं. माझी मलाच लाज वाटली. मग मी तिचा हात धरला आणि तिला नावानं हाक मारली, शाळेतून आणायला जायची तेव्हा फाटकातून मारायची तशी, पूर्ण नावानं, वडिलांच्या नावासकट.

तिनं लगेच ओ दिली.