कोनती पायली?

“पायली? कोनती पायली?” असं विचारून तो हात कमरेवर ठेवायचा आणि उत्तर मिळेपर्यंत धानाला शिवायचा नाही. दिवसभर खळ्यावर उभं राहून आमचे पाय भरून आलेले, नाकातोंडात भुसा गेलेला, आणि याचा प्रश्न तयार.

चिमूरकडच्या एका गावात मी मालकांचा दिवाणजी होतो आणि तो मापारी. सगळे त्याला मापारीभाऊ म्हणत. धान मापायचं काम बापाकडून त्याच्याकडे आलेलं. गावागावची पायली लहानमोठी, म्हणून आधी कोणती ते विचारायचं, पहिलं माप टाकताना ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं, आणि मापाच्या काठावर धानाची शीग चढलीच पाहिजे, हे त्याचे नेम. शीग ढळली की तो कंटाळल्या आवाजात म्हणायचा, “थांबा जी, धान दमलं, मी बी दमलो,” आणि पुन्हा भरायचा.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. काम हळू, तोंड सुरू, आणि तरी त्यांच्यावाचून पान हलत नाही.

त्याची आठवण निघाली ती नातीमुळे. ती संगणकाच्या भाषा शिकते. परवा सांगत होती, “आजोबा, भाषेचं नाव तेच राहतं. पण तिचं अधिकृत प्रमाण बदललं की नावापुढे साल लावतात. नाहीतर जुन्या प्रमाणावर बेतलेलं काम नव्यावर चालवायला गेलं की घोटाळा.” मी म्हटलं, अगं, हे तर आमच्या मापारीभाऊचंच म्हणणं.

झालं असं, की ऐन कापणीत तालुक्याहून सरकारी शिक्क्याची लोखंडी पायली आली. आमच्या गावची लाकडी पायली तिच्यापेक्षा चांगली मोठ्या पोटाची. कापणीच्या बायांना मजुरी धानात मिळायची आणि ती पायलीवर ठरलेली असायची. मालकांनी लाकडी माप माळ्यावर टाकायला सांगितलं. मापारीभाऊने लोखंडी पायली उचलली, आत पाहिलं आणि खाली ठेवली.

“मालक, हिचं नाव काय जी?”

“पायली. सरकार जिला पायली म्हणतं ती पायली.”

“मंग आपल्या पायलीचं नाव काय झालं?”

“ते संपलं. माप तू.”

“बायाइसंगं बोली झाली तवा हे आली नव्हती. हिले नवी म्हना, सरकारी म्हना, मी मापतो. पन निस्ती पायली म्हनू नोका. नाव तेच अन् पोट लहान, मंग या बायाइच्या घरी काय शिजन?”

बाया पदर पसरून उभ्या होत्या. मालकांचा चेहरा पाहून मापारीभाऊने शेवटी लोखंडी पायली घेतली, “लाभ” म्हटलं आणि सवयीने अशी शीग चढवली की माप दिसेनासं झालं.

“सपाट! नवी पायली सपाट मापायची!” मालक ओरडले.

त्याने वरून हात फिरवला. पुढच्या मापाला पुन्हा शीग. “हाताले समजून नाई राह्यलं जी, मी काय करू?”

बाया हसल्या. मालकही दिवसभराचे थकलेले. “जा, या हंगामापुरती जुनीच घे,” म्हणाले.

बायांची मजुरी वाचली आणि त्याचं काम गेलं. पुढच्या हंगामाला मालकांनी दुसरा मापारी ठरवला. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. तो मात्र इतकंच म्हणाला, “लय मापलं, आता बसतो,” आणि लेकीकडे गडचिरोलीच्या बाजूला निघून गेला. तिकडेच वारला, असं पुढे कानावर आलं.

तो गाव सोडून गेला त्याच साली कापणी ठरवायला मालकांनी बायांना अंगणात बोलावलं. “मजुरी मागच्यासारखीच. तितक्याच पायल्या,” ते म्हणाले.

मागे बसलेली एक म्हातारी गुडघ्यावर हात टेकत उठली, तोच हात कमरेवर ठेवून म्हणाली, “कोनती पायली?”