मनोऱ्याचा संथ डोल

कचेरीत तिला सगळे गाळणीताई म्हणत. भूकंपमापक यंत्राच्या आकड्यांतून नको ते गाळायचं आणि उरलेल्या हादऱ्याने इमारत किती डोलली ते संगणकावर काढायचं, हे तिचं काम. सासूबाईंनी एकदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आई, झोपाळा आत्ता कुठे आहे, मघाशी कुठे होता आणि नवा धक्का केवढा, एवढं कळलं की पुढे कुठे जाईल ते सांगता येतं. इमारतीचंही तसंच."

"एवढ्यासाठी इतकी वर्षं शिकलीस?" सासूबाई म्हणाल्या. ती हसत सुटली.

शहराला भूकंपाचा मोठा धक्का बसला. रुग्णालयाची उंच इमारत वरकरणी धडधाकट दिसत होती. वरचे मजले पुन्हा उघडायचे का, हे कचेरीने सांगायचं होतं. धक्क्यात तिथलं भूकंपमापक यंत्रच कललं होतं, त्यामुळे जमीन हळूहळू सरकत गेल्याची खोटी संथ सरक नोंदीत शिरली होती. साहेबांनी संथ हालचाल सरसकट गाळून टाकली. उत्तर आलं, इमारत सुरक्षित.

गाळणीताईला ते पटेना. बुटकी घरं भराभर थरथरतात, उंच इमारती सावकाश डोलतात. संथ तेवढं काढलं, तर या इमारतीला हलवणारं उरलं काय? तिने गाळणी सैल केली, यंत्राची खोटी सरक तेवढी काढली आणि हिशेब पुन्हा मांडला. डोल जवळजवळ दुप्पट निघाला.

"साहेब, चोथ्याबरोबर आपण चहाही फेकला."

साहेबांनी आकडे पुन्हा तपासले. "हे खरं असेल तर वरच्या सांध्यांना चिरा हव्यात."

"वरच्या मजल्याचं खोटं छत उघडून बघूया."

"आणि नसल्या तर?"

"तर मला बोल लावा. मला आनंदच होईल."

छत उघडलं. खांब-तुळयांच्या सांध्यांवर तिरक्या, खोल चिरा होत्या. जिंकल्यासारखं तिला मुळीच वाटलं नाही; खाली रिकाम्या खाटांची रांग होती. साहेब रुग्णालयाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना सरळ म्हणाले, "चूक माझी होती. हिने पकडली."

सांधे पोलादाने बांधून काढल्यावर वरचा वॉर्ड उघडला, पण वर जायला पेशंट कचरत होते. गाळणीताई स्वतः गेली, खिडकीजवळच्या खाटेवर टेकली.

"ही हलेल का गं पुन्हा?" दारात थबकलेल्या एका आजींनी विचारलं.

"धक्का बसला तर हलेल, आजी. उंच आहे, डोलायचीच. आता सांधे धरून ठेवतील."

"मग ऊठ तिथून," आजी म्हणाल्या. "खिडकीची खाट मला हवी."