सुमतीची मूठ

अंगात येणं वगैरे मला पटत नाही, हे आधीच सांगते. तेव्हाही पटत नव्हतं... पण खरं बोलायचं तर ते निव्वळ जळफळाटापोटी.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. घोडपदेवच्या चाळीत आमची एक खोली. धाकटी जाऊ सुमती हिला फिट यायची — डोळे फिरायचे, हातपाय आखडायचे. सासूबाई म्हणायच्या, "देवी इली." की चाळभरच्या बायका ओटी भरायला हजर. मी थोरली असून धाकटीच्या पाया पडायचे. खण-नारळ तिला, खरकटी भांडी मला.

शेवटी पोटदुखीचं निमित्त सांगून मीच तिला हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, "देवी नाही, मेंदूचा आजार आहे. कांदा हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, कुशीवर वळवा. आणि औषध एक दिवसही चुकवू नका."

नाही चुकवलं. रोज चहाबरोबर माझ्या हाताने द्यायचे. सुमती म्हणायची, "आक्का, तुमच्यामुळे मी माणसात आले." मला मात्र ती देवी एकदाची घरातून जायला हवी होती, बाकी काही नाही. आठ महिने फिट आली नाही. ओट्या बंद झाल्या आणि मला शांत झोप लागू लागली.

मग मोर्चाचा दिवस. दुपारी आमचे हे फाउंटनला निघाले, शेजारचा तुकाराम दारात खोळंबलेला. सुमती कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. थोरल्या दिरांसमोर तिने कधी मानही वर केली नव्हती... आणि अचानक ताट उडालं, ती कोसळली, यांच्या शर्टाचा घोळ तिच्या मुठीत. मी तिला कुशीवर वळवलं. मूठ काही सुटेना.

"देवीन धरल्यान तुका," सासूबाई आपल्या लेकाला म्हणाल्या. "खंय जाव नको."

तुकाराम एकटाच पुढे गेला. संध्याकाळी गोळीबाराची बातमी आली, आणि मागोमाग तो गेल्याची.

डॉक्टर म्हणाले, औषध चालू असतानाही क्वचित फिट येते, मूठही आवळते. असेल. पण नेमकी त्याच वेळी, त्याच शर्टावर? सुमतीला काही आठवत नव्हतं. त्यानंतर तिला पुन्हा कधी फिट आली नाही. आमचे हे मात्र जन्मभर दिवाळीची पहिली साडी तिलाच घेत राहिले.

उत्तर अजून सापडलेलं नाही. कुणाला फिट आली तर डॉक्टरकडेच न्या, हेच मी सांगते. फक्त एक गोष्ट आजही खुपते... कुंकू माझं वाचवायचं होतं, तर देवी माझ्या अंगात का नाही आली?